धुरेवरचा विसावा

आमचा एक पुतण्या नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांती राहतो. तेथील पौष-माघाच्या थंडीचे वर्णन तो दरवर्षी कळवितोच. परंतु मागे एकदा त्याने निराळाच विषय काढला. त्या प्रांतातील दुलूथ या गावी कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत पाहून आल्याचे लिहून त्याने एक प्रश्न केला होता: आपल्याकडील बैलांच्या शर्यतींवर इतकी वर्षे न्यायालयात वाद झाला, मग बर्फातून तीनशे मैल कुत्री पळविणाऱ्या या लोकांस तिकडे कोणी काही म्हणत नाही काय? घरात पत्राचे वाचन झाले तेव्हा मुलांना मौज वाटली आणि वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. कुत्र्यासारख्या प्राण्यास गाडीला जुंपावे हीच कल्पना आपल्याकडे चमत्कारिक, त्यात तीनशे मैल म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ४८० किलोमीटर. बीडहून निघालेला मनुष्य तेवढ्यात कोल्हापूर मागे टाकून कर्नाटकात शिरेल.

पुतण्याचा प्रश्न आम्हांस योग्य वाटला, म्हणून या महिन्यात वाचकांसमोर तोच विषय ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, त्या हिमप्रदेशात कुत्रा हा आपल्या बैलाच्या जागी होता. जेथे गवताची काडी उगवत नाही तेथे बैल वा घोडा पोसणार कसा? मासळी व मांस खाणारा कुत्राच तेथे ओझे ओढू शकतो. दुलूथची शर्यत ज्याच्या नावाने १९८० पासून भरते, तो जॉन बेअरग्रीस हा ओजिब्वे नावाच्या मूळ रहिवासी जमातीतील गृहस्थ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे वीस वर्षे त्याने सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाने टपाल पोहोचविले. उन्हाळ्यात होडीने व हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीने. आपल्याकडे घुंगरांची काठी घेऊन रानावनातून धावणारा डाकेचा हरकारा असे, त्याचाच हा बर्फातला भाऊबंद. एका हरकाऱ्याच्या नावाने शर्यत भरावी, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. आपल्याकडे हरकारे पुष्कळ झाले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणास सांगता येईल असे वाटत नाही.

दुसरी हकीकत अलास्कातील नोम या गावची. १९२५ च्या जानेवारीत तेथे घटसर्पाची साथ उद्भवली आणि गावात पुरेसे प्रतिविष नव्हते. समुद्र गोठलेला, विमान उडविणे धोक्याचे. तेव्हा रेल्वेच्या ठाण्यापासून नोमपर्यंतचे ६७४ मैल अंतर सुमारे वीस हाकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने वाटून घेतले व साडेपाच दिवसांत प्रतिविष पोहोचविले. सर्वांत लांबचा व सर्वांत बिकट टप्पा लिओनहार्ड सेप्पाला आणि त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो यांनी पार केला. परंतु त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात पुतळा उभा राहिला तो शेवटचा टप्पा धावणाऱ्या बाल्टोचा! समारंभाच्या वेळी जो दाराशी उभा असतो त्याच्याच गळ्यात हार पडतो, हा नियम केवळ आपल्याच देशात आहे असे नाही.

आता शर्यतीकडे वळू. या शर्यतींचे तीन वर्ग मानतात. पहिला वर्ग थोड्या मैलांचा. तेथे केवळ वेग पाहतात. अगदी शेवटचा वर्ग हजार मैलांच्या घरातला. अलास्कातील इडिटारॉड ही नोमपर्यंत जाणारी सुप्रसिद्ध शर्यत त्यात मोडते. या दोहोंच्या मध्ये शंभरापासून तीनशे मैलांपर्यंतच्या शर्यती येतात, त्यांना मध्यम पल्ल्याच्या म्हणतात. बेअरग्रीसच्या नावाची शर्यत याच वर्गातली. अलास्कात कुस्कोक्विम नदीच्या गोठलेल्या पात्रावरून बेथेल गावापासून अनियाकपर्यंत जाऊन परत येणारी, तीही १९८० सालीच सुरू झालेली शर्यत याच वर्गाची. पहिल्या नंबराचा हाकाऱ्या ती चाळीस तासांच्या आतबाहेर संपवितो.

गाडीची रचना बैलगाडीहून अगदी वेगळी आहे. जू नाही, वेसण नाही, कासराही नाही. घसरगाडीपासून पुढे एक लांब दोर निघतो व त्याच्या दोहो बाजूंस कुत्र्यांच्या जोड्या बांधलेल्या असतात. दहा-बारा, क्वचित चौदा कुत्री. प्रत्येकाच्या अंगावर पट्ट्यांचा साज असतो, त्यामुळे भार छातीवर व खांद्यांवर वाटला जातो. सर्वांत पुढे म्होरके, सर्वांत मागे गाडीस लागून दणकट अंगाची जोडी. हाकाऱ्या मागे पायफळ्यांवर उभा असतो, आणि त्याच्या हाती कुत्र्यांना वळविण्याचे साधन एकच, ते म्हणजे स्वतःचा आवाज. उजवीकडे वळावयाचे तर एक शब्द, डावीकडे वळावयाचे तर दुसरा. चढण आली की तो खाली उतरतो व गाडी ढकलीत बरोबर धावतो. कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे घातलेले असतात, कारण बर्फाचे खडे बोटांच्या बेचक्यांत शिरून कातडे सोलवटते. आपल्याकडे डांबरी सडकेवर चालणाऱ्या बैलाच्या खुरांना पत्री मारतात, तीच ही गोष्ट.

परंतु आमचे लक्ष वेधले ते विश्रांतीच्या नियमांनी. कुस्कोक्विमच्या शर्यतीत एकूण दहा तासांचा विसावा सक्तीचा आहे. इडिटारॉडमध्ये एकदा अखंड चोवीस तास व पुढे दोन वेळा आठ-आठ तास थांबावेच लागते. कोण किती वाजता आला व किती वाजता निघाला याची नोंद ठाण्यावर होते. ठाण्याठाण्यावर पशुवैद्य उभे असतात. ते पाय, सांधे, हृदयाचे ठोके पाहतात व हाकाऱ्याजवळच्या वहीत शेरा लिहितात. थकलेले वा लंगडणारे कुत्रे ठाण्यावर ठेवून द्यावे लागते आणि त्याच्या जागी नवे घेता येत नाही. म्हणजे बारा कुत्र्यांनिशी निघालेला गडी आठांवर परत आला तरी चालेल, परंतु दमलेल्या प्राण्यास ओढीत आणता कामा नये. ठाण्यावर पोहोचताच हाकाऱ्याने कुत्र्यांखाली गवत पसरावयाचे, बर्फ वितळवून पाणी करावयाचे, चरबीयुक्त मांसाचे अन्न शिजवून घालावयाचे, एकेकाचे पाय चोळावयाचे. आणि मग वेळ उरलाच तर स्वतः आडवे व्हावयाचे. अशा शर्यतीतील कुत्र्यास दिवसाला दहा हजार कॅलरींच्या घरात अन्न लागते. सशक्त मनुष्याच्या आहाराच्या ते चौपट झाले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, इतक्या थांबण्याने शर्यत मंदावत असेल. गोष्ट उलट आहे. १९७३ साली इडिटारॉड पहिल्यांदा भरली तेव्हा विजेत्यास सुमारे वीस दिवस लागले होते. आता तेवढेच अंतर, हा सर्व सक्तीचा विसावा धरून, नऊ-दहा दिवसांत तोडतात. वाट सुधारली, सामान हलके झाले हे खरेच. परंतु जाणते हाकारे जितके तास धावणे तितके तास विसावा असे प्रमाण ठेवू लागले, हेही त्याचे एक मोठे कारण आहे. आणि मध्यम पल्ल्याची खरी मेख येथेच आहे. थोड्या अंतराच्या शर्यतीत विश्रांतीचा प्रश्नच येत नाही. हजार मैलांच्या वाटेवर विश्रांतीवाचून गत्यंतरच नसते. न देणाऱ्याची गाडी आपोआप थांबते. परंतु तीनशे मैलांचा पल्ला असा आहे की, विसावा चोरला तरी प्राणी मुक्कामापर्यंत कसाबसा पोहोचू शकतो. मोह होतो तो याच ठिकाणी, म्हणून पंचांना घड्याळ घेऊन बसावे लागते.

पुतण्याने विचारले होते की, त्यांना कोणी काही म्हणत नाही काय? म्हणतात. तिकडेही प्राण्यांच्या कैवाऱ्यांचा या शर्यतींस तीव्र विरोध आहे व कुत्री दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. विश्रांतीचे व पशुवैद्यांचे हे नियम त्यामुळे वर्षानुवर्षे चर्चेत राहतात. २०२४ साली तर बर्फच पुरेसे न पडल्यामुळे बेअरग्रीसची शर्यत रद्द करावी लागली. पाऊस न पडल्यामुळे काय काय रद्द करावे लागते हे आम्हां बीडकरांस कोणी शिकवावयास नको.

आमच्या संस्कृत शिक्षणामुळे असेल, परंतु हे सर्व वाचताना आम्हांस पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण झाली. कलियुगासाठी म्हणून जी स्मृती सांगितली जाते तिच्यात कृषिकर्माचे विवेचन आहे. भुकेलेला, तहानलेला वा श्रमलेला बैल जुंपू नये, निरोगी बैलाकडूनही अर्धा दिवसच काम घ्यावे, असे स्मृतिकार सांगतात. त्याहून मार्मिक आहे तो नांगराचा हिशेब. आठ बैलांचा नांगर त्यांनी धर्म्य मानला आहे, सहांचा मध्यम, चारांचा निर्दय माणसाचा, आणि दोनच बैलांचा नांगर म्हणजे बैलाचा घात. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत पूर्वी सहा-सहा, आठ-आठ बैलांचे नांगर चालत, ते पाहिलेले वृद्ध अजून गावोगाव भेटतील. ओझे किती जणांत वाटले आहे यावरून दयाधर्म मोजावयाचा, ही दृष्टी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त तर बैलाच्या शर्यतीचेच आहे. त्यात मुद्गल ऋषींच्या रथाला बैल जुंपलेला असून सारथ्य त्यांची पत्नी मुद्गलानी करते व पुष्कळ गाई जिंकून आणते. या सूक्ताच्या अर्थाविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. परंतु धावत्या रथाची दोरी स्त्रीच्या हाती होती, याविषयी वाद नाही. अलास्कातील हजार मैलांची शर्यत लिबी रिडल्स या स्त्रीने १९८५ साली प्रथम जिंकली, तेव्हा जगास मोठे नवल वाटले होते. मुद्गलानीचे नाव तेथे कोणास ठाऊक असणार?

आता आपल्याकडील बैलांच्या शर्यतींविषयी. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत घाटावर बैलगाडे पळतात. सातारा-सांगलीकडे निराळी रीत आहे. विदर्भात व आपल्या बाजूस शंकरपट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विशेष प्रसिद्ध. खिल्लार जातीचा बैल या कामी वाखाणला जातो. आमच्या मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी ही जनावरे त्यापेक्षा भारदस्त, कामाची. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तरीही मनाई चालू राहिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. आता पशुवैद्याचा दाखला लागतो. चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका यांस बंदी आहे. नियम मोडणारास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा निकाल योग्य की अयोग्य, यावर आमच्याच घरात दोन पक्ष आहेत आणि ते राहोत. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या शर्यतीसाठी इतका खल झाला ती काही सेकंदांत संपते. बैल पळतो, धूळ उडते, गुलाल पडतो आणि धनी त्याला घरी नेऊन खुराक घालतो. एवढ्याशा वेळेसाठी दाखला, पंच, पहारा, दंड असे सर्व आहे. परंतु आमच्या बीड जिल्ह्याचा बैल हिवाळ्यात जो मध्यम पल्ला चालतो, त्याला पंच कोठे आहे?

आम्ही कशाविषयी बोलतो आहोत हे जिल्ह्यातील वाचकांनी ओळखलेच असेल. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी. बालाघाटाच्या या पठारावरून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडावयास खाली उतरतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे व पलीकडे कर्नाटकातील कारखान्यांपर्यंत त्यांची वाट जाते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती उचल. आम्ही शिक्षक असताना दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हजेरीपट घेऊन वर्गात जात असू, तेव्हा निम्मी नावे पुकारून उत्तर येत नसे. मुले आईबापांबरोबर गाडीत बसून गेलेली असत. पुढे साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, त्याने काही मुले राहिली. सर्व राहिली असे कोणी म्हणू नये.

यांच्यापैकी ज्यांच्याकडे बैल आहेत ते गाडीवान. उसाचा फड ते कारखाना हे अंतर कधी चार-पाच किलोमीटर, कधी पंधरा-वीस. पहाटे तीन-चार वाजता थंडीत उठून तोडणी सुरू होते. मोळ्या बांधून टायरच्या गाडीवर चढवितात. दोन टनांहून अधिक ऊस एका जोडीच्या मानेवर बसतो. मग सडकेने कारखाना गाठावयाचा आणि वजनकाट्यावर नंबर येईपर्यंत रांगेत उभे राहावयाचे. ती रांग कधी तासाभरात सरते, कधी रात्र जाते. ज्याचा नंबर आधी लागतो त्याला दुसरी खेप मिळते, म्हणून वाटेत गाड्यांची चढाओढ लागते. गुलाल नसलेली अशी ही शर्यत कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत रोज चालते. बैलाचा खांदा सुजतो, त्यावर हळद-तेल लावतात व सकाळी त्याच खांद्यावर पुन्हा जू ठेवतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, तिचा मूळ हेतू काय होता हे येथे समजते.

येथे कोणी गाडीवानास निर्दय म्हणू लागेल तर आम्हांस ते मान्य नाही. जोडी त्याने बहुधा उचलीच्या पैशातून घेतलेली असते. एक बैल पडला तर सबंध हंगाम बुडतो आणि उचल डोक्यावर राहते. आपल्या बैलाला तो किती जपतो हे ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. स्वतः कोपीत थंडीने कुडकुडत असताना तो आपली घोंगडी बैलाच्या पाठीवर टाकतो. विसावा द्यावयाचा नाही असे त्याच्या मनात नसते. त्याला स्वतःलाच विसावा नाही, मग तो देणार कोठून? एक दिवस काम चुकले तर त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या खाड्याची धास्ती किती खोल गेलेली आहे, ते २०१९ साली सर्वांसमोर आले. आमच्या जिल्ह्यातील ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात असे बोभाटले, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. महिन्याच्या चार दिवसांचाही खाडा परवडत नाही, हे कारण पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. गाडीचा कासरा नवऱ्याइतकाच हिच्याही हाती असतो. वेदातील मुद्गलानीस निदान जिंकलेल्या गाई तरी मिळाल्या.

कायदा नाही असे म्हणावे तर तेही नाही. ओझे ओढणाऱ्या जनावरांविषयी १९६५ सालीच केंद्र सरकारचे नियम झालेले आहेत. त्यांत बैलाचा आकार व गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून वजनाची मर्यादा ठरविलेली आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, विसावा न देता सलग पाच तासांपेक्षा अधिक जुंपू नये, आणि उष्णमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जनावर कामास लावू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पराशरांचा अर्धा दिवस आणि सरकारचे नऊ तास यांत फारसे अंतर नाही. कुस्कोक्विमच्या नियमांहून हे आमचे नियम वयाने पंधरा वर्षांनी वडील आहेत. अंतर आहे ते एवढेच की, तिकडे ठाण्यावर घड्याळ घेऊन कोणीतरी बसलेला असतो.

काहीच होत नाही असे लिहिले तर ते अन्यायाचे होईल. पुष्कळ कारखाने गाड्यांच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या लावून देतात, त्याने रात्रीचे अपघात टळतात. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाची एक युक्ती काढली. जुवाजवळ, दोहो बैलांच्या मध्ये, एक लहान फिरते चाक बसवावयाचे. मानेवर येणारा भार त्यावर पडतो व बैलाला नुसते ओढणे उरते. युक्ती साधी, खर्च थोडका. ती ज्या दिवशी वर्तमानपत्रांत आली त्या दिवशी सर्वांनी वाहवा केली. प्रत्येक गाडीला असे चाक असल्यावाचून गाडी भाड्याने देऊ नये, एवढे कारखान्यांनी ठरविले तर वाहवा करणाऱ्यांचे समाधान होईल आणि बैलांचेही. ट्रॅक्टर वाढले आहेत, तोडणीची यंत्रेही आली आहेत, तेव्हा बैलगाडी आपोआपच जाईल असे काही सुशिक्षित आम्हांस सांगतात. जाईल तेव्हा जाईल. जोवर ती सडकेवर आहे तोवर तिच्या जुवाखाली जिवंत प्राणी आहे, आणि यंत्र आल्यावर गाडीवानाने काय करावयाचे याचे उत्तर त्या सुशिक्षितांपाशी आम्हांस अजून मिळालेले नाही.

तोपर्यंत एक गोष्ट आजच्या आज होण्याजोगी आहे. वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची पावती निघते. तीत गाडीचा क्रमांक असतो, उसाचे वजन असते, तारीख व वेळ असते. उसाचा एक किलोही हिशेबातून सुटत नाही. त्याच पावतीत जोडी किती वाजता जुंपली आणि आवारात शिरल्यापासून किती वेळ जुवाखाली उभी आहे, हे लिहावयास एक रकाना घालावा. आवारात पाण्याचा हौद व सावलीचा मांडव असावा, आणि रांगेतील बैल सोडून बांधले तरी गाडीचा नंबर कायम राहील असा हुकूम असावा. कारण नंबर जाईल या भीतीनेच गाडीवान जू उतरवीत नाही. आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या पशुवैद्याने काट्यापाशी उभे राहून खांदे पाहावेत व ज्याचा खांदा सुजला असेल त्या जोडीस दोन दिवसांची सुट्टी लिहून द्यावी, आणि ती सुट्टी खाडा म्हणून कापू नये. या कामी एकंदर किती खर्च येईल, याचा अंदाज आमच्यापेक्षा कारखान्याचे हिशेबनीस अधिक चांगला काढतील. त्यांच्यात आमचे जुने विद्यार्थीही आहेत, आणि त्रैराशिक आम्ही त्यांच्याकडून चांगले घोटवून घेतले होते.